पट्टे निवडण्याचे दिवस

यंदा तूर लवकर सोंगून-कापून झाली. शाळेतून घरी येताना वाशीम रस्त्यावर ट्रॉल्या दिसू लागल्या आहेत. वर डोंगरासारखी रचलेली तूर, तिला आडवा एक दोर, आणि मागे रस्ताभर गळत गेलेला पाला. मळणी यंत्राचा धुराळा दुपारभर हवेत तरंगतो, मग शर्टावर बसतो, वहीच्या पानांत जातो. मी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या शाळेत मराठी शिकवतो. या दिवसांत तपासायला आणलेल्या वह्यांनासुद्धा तुरीच्या भुशाचा वास येतो. आणि तो वास आला की मला दोन वर्षांपूर्वीचा पौष आठवतो, माझी बहीण लाल गाडी घेऊन घरी आली होती तो.

प्रणिता माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पुण्यात संगणकावरची नोकरी करते. तिने स्वतःच्या पगारातून एक जुनी, छोटी गाडी घेतली होती. रोज कामावर न्यायची आणि रविवारी धुऊन पुसून दारात उभी करायची, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या पौषात ती पंधरा दिवसांची सुट्टी काढून आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिने सांगितलं की ही गाडी ती ट्रॅकवर चालवते.

ट्रॅक म्हणजे काय, ते तिला आम्हाला समजावून सांगावं लागलं. दक्षिणेत शर्यतींसाठी बांधलेला एक रस्ता आहे. वर्षातले काही दिवस तो साध्या गाडीवाल्यांना मिळतो. आपली रोजची गाडी न्यायची, तिथल्या माणसांकडून तपासून घ्यायची, हेल्मेट घालायचं आणि उतरायचं. कोणी पहिलं येत नाही, कोणाला बक्षीस मिळत नाही. समोरून बैलगाडी येणार नाही, मधेच म्हैस आडवी जाणार नाही, अशा रस्त्यावर आपल्याला आणि आपल्या गाडीला किती जमतं ते पाहायचं. ती दोनदा जाऊन आली होती. तिसऱ्यांदाची तारीख तीन आठवड्यांवर होती, आणि ती मिळायला तिने सात-आठ महिने वाट पाहिली होती.

मी तिला विचारलं की यात मिळतं काय. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली की एक लांब उजवं वळण आहे, त्यात गाडी बरोबर शिरली की आतून सगळं शांत होतं. दिवसभर डोक्यात चालणारी बडबड थांबते. तेवढ्या चार क्षणांत ती पूर्ण जागी असते. मी वर्गात इतकी वर्षं कवितेच्या ओळी समजावतो आहे, पण एखाद्या गोष्टीबद्दल इतक्या स्वच्छ शब्दांत बोलणारं माणूस मी फार कमी पाहिलं होतं. ती माझी बहीण होती आणि मला ती नव्याने भेटत होती.

मायला मात्र हे ऐकवेना. ती उठून आत गेली. दिवसभर ती कामापुरतं बोलली. संध्याकाळी सोल्याची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी ताटात वाढताना एकच वाक्य बोलली: "बांधून घेऊन मरायले जाते का कोनी?"

बांधून घेण्याचं कारण असं. दुसऱ्या वेळी त्या लांब वळणात प्रणिता सीटवरून घसरत होती. गाडीतला नेहमीचा पट्टा, खांद्यावरून कमरेला येतो तो, झटका बसला तरच अडतो. एरवी तो सैलच असतो. त्यामुळे अंग एका बाजूला जाऊ नये म्हणून ती गुडघा दाराला टेकवून आणि स्टिअरिंगला लटकून गाडी चालवत होती. ज्या हातांनी वळायचं त्याच हातांनी धरून बसायचं. घरी आल्यावर गुडघ्यावर काळंनिळं झालं होतं. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत असतात तसे, दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून येऊन छातीपाशी एका कडीत अडकणारे पट्टे तिला बसवायचे होते. आणि ते बसवायला ती पुण्यातल्या कुठल्या गॅरेजात न जाता मालेगावला आली होती, कारण आमचे बाबा.

बाबांचं वाशीम रस्त्यावर सीटकव्हरचं दुकान आहे. ट्रॅक्टरची सीट, मोटारसायकलची गादी, जीपची हूड, काळीपिवळी टॅक्सीचे बाक, चाळीस वर्षं ते हेच शिवतात. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण कापड आणि दोरा यांच्याबद्दल ते बोलायला लागले की दुकानात बसलेली माणसं आपलं काम विसरतात. रेक्झिन कुठल्या बाजूने आधी फाटेल हे ते नुसतं दोन बोटांत धरून सांगतात.

प्रणिताने दोन पट्टे आणले होते. दुकानातल्या कापायच्या मोठ्या फळीवर तिने ते पसरले. एक तिच्या ओळखीच्या मुलाने वापरून दिलेला, निळा, किंचित विटलेला. त्याच्यावर कोणत्या सालापर्यंत वापरायचा ते छापलं होतं आणि ते साल उलटून गेलं होतं. दुसरा इंटरनेटवरून मागवलेला, कोरा, लालभडक, गाडीच्या रंगाला शोभणारा. त्याच्यावर साल नव्हतंच. बाबांनी चष्मा लावला. निळा पट्टा त्यांनी उन्हात नेऊन उलटासुलटा पाहिला, नखाने कड खरवडली, तेव्हा नखावर बारीक निळी पूड आली. उन्हाने धागा मेला आहे, असं ते म्हणाले. छापलेलं साल खरं असावं. मग लाल पट्टा घेतला. त्याची शिलाई ते बराच वेळ बघत होते. टाके कुठे दाट होते, कुठे विरळ. शेवटाला दोरा परत फिरवलेला नव्हता. असं काम आमच्या दुकानात कोणी केलं असतं तर त्यांनी ते उसवायला लावलं असतं.

"हे मी याच्याहून चांगलं शिवून देतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी खरोखर शिवायला घेतलं. चार दिवस दुकानातली बाकी कामं थांबली. अकोल्याहून ट्रकचं सामान बांधायचा जाड, रुंद पट्टा आणला, चांगल्यातला चांगला नायलॉनचा दोरा आणला. लाल पट्ट्याच्या कड्या काढून घेतल्या, कारण लोखंडात त्यांना खोट दिसली नव्हती. एकेक चौकोन शिवायचा, त्यात फुली मारायची, परत फिरवायची. मशीन जड चालत होतं, तेव्हा ते पाय काढून चाक हाताने फिरवायचे. एका टाक्याला एक फेरा. मी शाळेतून येताना थांबायचो. त्यांचं डोकं खाली असायचं. ते कोणासाठी शिवत आहेत हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. मायसुद्धा एकदा डबा घेऊन आली आणि उभी राहून बघत होती.

पाचव्या दिवशी परीक्षा झाली. कल्पना बाबांचीच. शेजारच्या गॅरेजात इंजिन उचलायला वर लोखंडी गर्डर आहे. पट्ट्याचं एक टोक गर्डरला बांधायचं. दुसऱ्या टोकाला वाळूची दोन पोती. पोती ट्रॉलीवर ठेवायची, पट्टा ढिला सोडायचा, आणि ट्रॅक्टर पुढे घेऊन ट्रॉली खालून काढून घ्यायची. पोती चारेक फूट पडतील आणि सगळा झटका पट्ट्यावर येईल. गाडीतला झटका याच्याहून कितीतरी मोठा असतो, असं प्रणिता म्हणाली. बाबा म्हणाले की मोठ्याचं मोठं पाहू, आधी एवढ्यात काय होतं ते तरी कळू दे.

आधी लाल पट्ट्याचा उरलेला भाग बांधला. ट्रॉली पुढे गेली, पोती पडली, आणि वाळलेली शेंग तडकावी तसा आवाज झाला. पोती जमिनीवर, वाळू पसरलेली. पट्टा शाबूत होता. फक्त शिलाई नव्हती. जिथे ती होती तिथे भोकांच्या दोन ओळी राहिल्या होत्या. गॅरेजमधली माणसं पुढे झाली. प्रणिताने तो पट्टा हातात घेतला. हेच ती छातीवर बांधून वळणात शिरणार होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

मग बाबांचा पट्टा. पोती पडली. गर्डर गदगदा हलला, धूळ खाली आली, पोती हवेत झुलत राहिली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी परत एकदा करायला लावलं. परत टिकला. तिसऱ्यांदा त्यांनी आणखी एक पोतं बांधायला लावलं. तीन पोती पडली आणि झुलत राहिली. मला त्या क्षणी बापाचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले. सातवी शिकलेला माणूस, हाताने चाक फिरवून घातलेले टाके, आणि तीन पोत्यांचा झटका त्या टाक्यांनी धरून ठेवला होता. प्रणिता म्हणाली, बाबा, आता हेच बसवू.

बाबा पट्ट्यापाशी गेले. शिलाईवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. चष्मा काढून पुसला.

"टिकला," ते म्हणाले. "पन काहून टिकला, हे मले मालूम नाही. चौथ्या बारीले काय होईन, तेबी मालूम नाही. ज्याचं मले मालूम नाही ते मी पोरीच्या छातीवर नाही बांधनार."

खिशातून दुकानातली कात्री काढून त्यांनी तो पट्टा मधोमध कापला. चार दिवसांचं काम. जाड पट्टा एका दमात कापला गेला नाही, कात्री तीनदा चालवावी लागली. टाळ्या वाजवणाऱ्यांना ते वेडेपण वाटलं असावं. मी मात्र तिथेच उभा राहिलो. कारागिरीबद्दल मी मुलांना निबंध लिहायला देतो. आपल्या हाताचं काम पास झाल्यावर स्वतःच त्याला नापास करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिलेला नाही. कारखान्यात असे पट्टे कसे तपासतात, किती वेळा झटके देतात, कुठल्या दोऱ्याला किती ताण, हे सगळं माहीत असणारी माणसं कुठेतरी आहेत, त्यांच्याकडूनच घ्यायचा, असं त्यांनी प्रणिताला सांगितलं. त्या न पाहिलेल्या माणसांबद्दल त्यांच्या आवाजात आदर होता.

त्याप्रमाणे प्रणिता त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून फोनमध्ये खरे, शिक्का असलेले, पुढच्या सालापर्यंत चालणारे पट्टे शोधत होती. तारीख दोन आठवड्यांवर आली होती. एक सापडला. चार टोकांचा, दोन खांद्यांवर आणि दोन कमरेला. मागवला तर वेळेत पोचणार होता. बाबांनी चित्र मोठं करून पाहिलं, टाके मोजता येतात का बघितलं. खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या बोल्टांना कसे बांधायचे, यावर दोघं बोलत होते. माय शेजारी बसून शेंगांमधून सोले काढत होती. तिने मान वर न करता विचारलं:

"गाडी उलटली तं?"

प्रणिता म्हणाली की उलटत नाही, वळणाच्या बाहेर मोकळी जागा असते. मायने ऐकून घेतलं. मग तिने तिच्या भावाची गोष्ट सांगितली. आमचे मामा मानोऱ्याकडच्या एका खेड्यातले. ऊसतोडीच्या हंगामात ते मजुरांना घेऊन जीप चालवत पश्चिमेकडे जायचे. एका वर्षी परतताना जीप घाटात उलटली होती. एवढं आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की माय दुसऱ्या दिवशी ती जीप बघायला गेली होती. वरचं टप, म्हणजे छत, खाली येऊन स्टिअरिंगला टेकलं होतं. मामा वाचले ते आडवे पडले म्हणून. शेजारच्या सीटवर त्यांचं डोकं होतं, आणि तेवढीच हातभर जागा उरली होती.

"तुमी तं तिले खिया ठोकल्यावानी सरळ बसवून राह्यले," माय म्हणाली. "टप खाली आलं तं तिचं डोस्कं कुठी जाईन?"

बाबांनी फोन खाली ठेवला. प्रणिता उठून अंगणात गेली आणि ट्रॅकवरच्या तिच्या ओळखीतल्या एका जुन्या, जाणत्या माणसाला तिने फोन लावला. ती परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. तो माणूस म्हणाला होता की तुझ्या आईने बरोबर तेच विचारलं जे आम्ही नव्या मुलांना विचारतो. साधा पट्टा अंगाला बाजूला झुकू देतो. चार पट्टे देत नाहीत. म्हणून आधी छताच्या आत जाड नळीची लोखंडी कमान बसवायची, रोल बार म्हणतात तिला, म्हणजे टप खाली येणारच नाही. खांद्याचे पट्टे त्याच कमानीच्या आडव्या दांडीला, खांद्यांच्या उंचीवर बांधायचे. मागच्या तळाशी बांधले तर झटक्यात तेच पट्टे पाठीचा कणा खाली दाबतात. आणि चार टोकांचा नको, सहाचा हवा, कारण मांड्यांमधून येणारे दोन पट्टे नसले तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात आणि तो हाडावर राहण्याऐवजी पोटावर येतो. सीट घट्ट हवी. मानेला धरणारी पट्टीही हवी, कारण अंग अडकलं तरी डोकं पुढे जातंच. हे सगळं एकत्र जमत असेल तर कर, नाही तर कंपनीने दिलेला साधा पट्टाच चांगला. मधलं काही करू नकोस. मधलंच जीव घेतं.

ऐकताना मला वाटत होतं, माणसाने आपल्याच नाजूक हाडांचा किती बारकाईने विचार केला आहे. कमरेचं कोणतं हाड ओझं पेलतं, मान किती सोसते, कणा कुठे मोडतो. कोणीतरी कधीतरी मोडलेली माणसं पाहून हे शिकलं असणार. जशी माय शिकली होती, एका चेपलेल्या जीपसमोर उभी राहून. आणि इतकी वर्षं ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

प्रणिताने तिची तारीख सोडली. फोनवर दोन वाक्यांत रद्द केली. मग अंगणात लाल गाडीच्या बॉनेटवर बराच वेळ हात ठेवून उभी होती. माय तिच्याजवळ गेली नाही. तिने रात्रीच्या जेवणाला तिच्या आवडीची कढी केली. बाकीचे दिवस प्रणिता आमच्या शेजाऱ्यांच्या शेतात तूर सोंगायला गेली, हाताला फोड आणून घेतले, आणि सुट्टी संपल्यावर गाडी घेऊन पुण्याला परतली. जाताना साधा पट्टा लावताना तिने तो कमरेवर खाली, हाडापर्यंत सरकवला. मी ते पाहिलं.

तिला सगळं जमवायला वर्ष लागलं. एकेक गोष्ट झाली की ती फोटो पाठवायची. मागची सीट निघाली. कमान बसली. घट्ट सीट आली. मानेची पट्टी आली. रस्त्यासाठीचा साधा पट्टा तिने काढला नाही, तोही ठेवला. सहा टोकांचे पट्टे आले तेव्हा ते पुण्याहून आधी मालेगावला बाबांकडे पाठवले. बाबांनी एक दिवस ते दुकानात ठेवले, नुसते पाहायला. एका इंचात किती टाके ते मोजून एका कागदावर लिहून ठेवलं. मला म्हणाले, ज्याने हे शिवलं त्याला भेटायला पाहिजे.

मागच्या वर्षी, अशीच तूर मळून झाल्यावर, माय, बाबा आणि मी तिला ट्रॅकवर पाहायला वाशीमहून रेल्वेने दक्षिणेत गेलो. माय येईल असं मला वाटलं नव्हतं. तिने काही न सांगता पिशवी भरली होती.

ट्रॅक मी पहिल्यांदाच पाहत होतो. एवढा मोठा, एवढा गुळगुळीत, आणि कुठेही न जाणारा रस्ता. फिरून तिथेच येणारा. गाड्या जाताना आवाज कानात नाही, छातीत वाजायचा. बाबा कठड्याला धरून उभे होते. मायने पदर कानावरून घेतला होता.

प्रणिता हेल्मेट आणि मानेची पट्टी घालून सीटमध्ये बसली. तिथला तपासनीस, पांढऱ्या मिशांचा एक माणूस, हिंदीत म्हणाला की खांद्याचे पट्टे हिला स्वतःला पुरते ओढता येणार नाहीत, घरच्यापैकी कोणी ओढा. बाबा पुढे झाले आणि थांबले. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. मी पुढे होणार तेवढ्यात माय दुसऱ्या दाराने आत शिरली. चप्पल बाहेर काढून ठेवली, गुडघ्यावर बसली. तपासनीसाने सांगितलं तसं आधी कमरेचे दोन, खाली हाडावर. मग मांड्यांमधले. मग खांद्यांचे दोन, आणि सगळे छातीखालच्या गोल कडीत. मायने खांद्याचे पट्टे खाली ओढले.

"अजून," प्रणिता म्हणाली.

मायने ओढले. प्रणिता पुन्हा अजून म्हणाली. मायने पाय दाराला रोवला आणि अंगातली सगळी ताकद लावून ओढलं.

"लागलं का?"

"लागलं पायजे, माय."

ती गेली. वीस मिनिटं. त्या लांब उजव्या वळणात लाल गाडी शिरायची तेव्हा ती रस्त्याला चिकटून, अगदी न हलता जायची, जणू वळण गाडीसाठीच केलं होतं. आत माझी बहीण पूर्ण जागी होती. बाबा दर फेरीला काहीतरी पुटपुटत होते. मायने डोळे मिटले नाहीत. चौथ्या फेरीला मी तिच्याकडे पाहिलं तर तिचं तोंड किंचित उघडं होतं, लहान मुलीसारखं.

गाडी परत आली, थांबली. माय वाकून आत गेली आणि एकेक पट्टा कसा सोडायचा ते शोधू लागली. प्रणिताने तिचा हात धरून गोल कडीवर ठेवला. मायने कडी फिरवली आणि सहाच्या सहा पट्टे एकदम सुटून बाजूला पडले.

"एवढ्यात सुटते?" तिने विचारलं.

प्रणिता हो म्हणाली. मायने ते सगळे पुन्हा कडीत अडकवले आणि पुन्हा फिरवलं. पुन्हा सुटले. तिने तिसऱ्यांदाही करून पाहिलं. मग ती बाहेर आली, पाणी प्यायली, आणि सावलीत बसली.

दुसऱ्या वेळी प्रणिता हेल्मेट घेऊन निघाली, तेव्हा मायला कोणी बोलावलं नाही. चप्पल काढून ती गाडीपाशी आधीच उभी होती.